वणव्यावर संशोधन करायचंय? आधी वनरक्षकाचं घड्याळ समजून घ्या

वणव्याचा अभ्यास करायचा म्हणून मी मेळघाटात पहिल्यांदा गेले ती मार्चमध्ये. सोबत आधीच्या हंगामांतल्या आगींचे उपग्रहानं टिपलेले बिंदू होते आणि प्रश्नावलीच्या छापील प्रती. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. या चार महिन्यांत वनरक्षकाच्या मागे जी धावपळ असते, तिच्यात त्याला समोर बसवून 'एक ते पाच यांपैकी गुण द्या' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. प्रश्नावली मी तशीच पिशवीत ठेवली आणि वनरक्षकांसोबत बीटवर, म्हणजे त्यांच्या गस्तीच्या हद्दीत, चालायला लागले. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते.

डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आगीचे इशारे देतंय. आधी मोडिस या संवेदकावरून, ज्याचा एक चौकोन एक किलोमीटरचा. आता विअर्सवरूनही, ज्याचा चौकोन ३७५ मीटरचा. वर्गात हे ऐकताना ३७५ मीटर म्हणजे फार बारीक वाटतं. जमिनीवर तो चौकोन सुमारे १४ हेक्टरचा असतो, आणि मोबाइलवर येणारा ठिपका हा त्या चौकोनाचा मध्य. खरी आग नाल्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्या बीटमध्येही असू शकते. शिवाय विअर्स वाहून नेणारा उपग्रह आपल्यावरून जातो तो दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. चार वाजता लागलेली आग त्याला रात्रीच दिसणार, तीही तोवर पेटती राहिली तर. एका अनुभवी वनरक्षकांनी मला नकाशा परत देत शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमचा ठिपका बरोबर असंन, पन मी पोचतो तवा तिथं राखच असते."

मग त्यांनी विचारलं, "हे कंपार्टमेंट कोनतं?" माझ्याकडे अक्षांश-रेखांश होते. त्यांचं जंगल कक्ष (कंपार्टमेंट, म्हणजे जंगलाचा क्रमांक दिलेला तुकडा), नाले, पाणवठे आणि पायवाटांनी बांधलेलं आहे. त्या रात्री मी सगळे बिंदू कक्षांच्या सीमा दाखवणाऱ्या नकाशावर बसवले. तांत्रिकदृष्ट्या हे अगदी साधं काम, पण माझा नकाशा तिथं पहिल्यांदा कुणी भिंतीवर लावला तो त्यानंतर.

इशाऱ्यांच्या पडताळणीची माहिती वापरणार असाल तर जपून. 'आग आढळली नाही' या शेऱ्यामागे बरंच काही असतं. कधी शेतकऱ्यानं धसकटं जाळलेली असतात, कधी माणूस पोचण्याआधीच आग विझलेली असते. दुसऱ्या एका जंगलात मी वेगळंच पाहिलं: आग कळवणाऱ्यालाच खुलासा मागितला जाई, त्यामुळे कळवणंच कमी झालं होतं. अशा आकड्यांवर कितीही चांगलं प्रारूप (मॉडेल) चालवा, ते आगीचं नसून भीतीचं प्रारूप होतं. माणसं खरं सांगू लागेपर्यंत थांबावं लागतं, त्याला दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

माझा खरा विषय मला याच चालण्यात मिळाला. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेले पट्टे, थंडीत तयार होतात. पण साग त्यानंतरही पानं गाळत राहतो. जानेवारीत स्वच्छ केलेली रेषा फेब्रुवारीअखेर पुन्हा पाचोळ्यानं भरते आणि आग ती सहज ओलांडते. ब्लोअरनं, म्हणजे हवेच्या झोतानं पाला उडवणाऱ्या यंत्रानं, परत झाडायची, तर पेट्रोल आणि मजुरांचे दिवस मोजूनमापून मिळतात. त्यामुळे वनरक्षकांचा प्रश्न होता, कोणती रेषा आधी झाडायची? या प्रश्नाचं उत्तर मी वाचलेल्या कुठल्याही शोधनिबंधात नव्हतं. आग किती वेगानं पसरेल हे सांगणारं रॉथरमेलचं १९७२ चं अमेरिकन प्रारूप आम्ही शिकलो होतो, पण त्यालाही आधी जळणाचं वजन, थराची जाडी आणि ओलावा द्यावा लागतो. सागाच्या सुकून वळलेल्या मोठ्या पानांसाठी ते आकडे जागेवरच मोजायला हवेत. म्हणून आम्ही रेषांवर एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटी मांडल्या, ठरावीक दिवसांनी पाचोळा गोळा केला, भट्टीत सुकवला, तोलला. दाट सागातल्या, वाऱ्याच्या आडोशाच्या रेषा आधी भरत होत्या. वनरक्षकांना याचा अंदाज होताच. आता तो कागदावर आला, आणि जादा मजूर मागताना कागद लागतो.

आगी बहुतांशी माणसांमुळे लागतात हे वाक्य तुम्ही प्रत्येक अहवालात वाचाल. तिथंच थांबू नका. मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती वेचता येत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. ही फुलं म्हणजे त्या घराच्या वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग. झाडाखाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरलं तर पाला पेटवावाच लागत नाही, पण हे सांगायला फुलं गळायच्या आधी गावात बसावं लागतं, पंचनाम्याच्या दिवशी नाही.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. दापोली आणि अकोल्याला वनशास्त्राचं शिक्षण मिळतं, सुदूर संवेदनासाठी, म्हणजे उपग्रहावरून जमिनीचा अभ्यास करायला, डेहराडूनची आयआयआरएस ही संस्था आहे. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावरून आगीचे बिंदूही फुकट उतरवता येतात. प्रवेशाची वाट न बघता आपल्या तालुक्यापासून सुरुवात करा.

आणि वेळापत्रक सांभाळा. मोजमापं हंगामात, मुलाखती पाऊस पडून गेल्यावर, निष्कर्ष मात्र दिवाळीच्या आगेमागे पोचवा. तेव्हा पुढच्या हंगामाची आखणी चालू असते. फेब्रुवारीत दिलेला उत्तम अहवाल कपाटात जातो. माझा अहवाल मी एका पानावर मराठीत नेला: कक्ष क्रमांक आणि रेषा, झाडायच्या क्रमानं. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि पेन्सिलीनं दोन रेषा वर नेल्या. तिथून जवळच मोहाची झाडं होती आणि पलीकडे गाव. त्या दोन्ही रेषांवर मी एकही चौकट मांडली नव्हती. पुढच्या जानेवारीत पहिल्या चौकटी तिथं मांडल्या.