वेशभूषेच्या हेल्मेटमधील काचेवर वाफ धरू नये म्हणून

यंत्रमानवाचे किंवा अंतराळवीराचे हेल्मेट घालून वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात हिंडायचे असो, गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर उभे राहायचे असो की ठाण्यातील गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत चित्ररथावर चढायचे असो, डोळ्यांसमोरच्या काचेवर वाफ धरली की पुढची पायरीही दिसत नाही. बहुतेक जण यावर पहिला उपाय म्हणून वाफरोधक स्प्रे विकत आणतात आणि तासाभरात वैतागतात. स्प्रे निरुपयोगी नसतो, परंतु त्याचा क्रम शेवटचा आहे. आधी उच्छ्वासाची वाट बदलावी, मग हेल्मेटमध्ये हवा खेळती करावी, त्यानंतर काचेच्या तापमानाकडे पाहावे आणि उरलेसुरले काम स्प्रेवर सोपवावे.

आपण बाहेर सोडलेली हवा साधारण 34 अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते, त्यामुळे तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, तिशीच्या पुढे असतो. काचेचा आतला पृष्ठभाग त्याहून थंड असला की बाष्पाचे सूक्ष्म थेंब त्यावर जमतात. मे महिन्यात भर दुपारी ठाण्याच्या तलावपाळीवर उभे राहिल्यास काच उन्हाने स्वतःच इतकी तापते की वाफ फारशी धरत नाही. तेच हेल्मेट 23 अंशांच्या वातानुकूलित सभागृहात नेले की काही मिनिटांतच काच पांढरी होते. मात्र त्या सभागृहातील हवा कोरडी असते, म्हणून तिथे लहानसा पंखाही मोठे काम करतो. जुलैमध्ये उघड्यावर परिस्थिती उलटी होते. बाहेरच्या हवेचाच दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असल्याने आत घेतलेली हवा काच वाळवण्यास मदत करते खरी, पण सावकाश. थंड आणि कोरड्या देशांत बनवलेल्या व्हिडिओंमध्ये दोन भोके पुरेशी असल्याचे सांगतात, ते आपल्याकडच्या पावसाळ्यात खरे ठरत नाही.

सुरुवात नाकापासून करावी. हेल्मेटच्या आत, नाकाच्या पुलावरून दोन्ही गालांपर्यंत जाणारी ईव्हीए फोमची (हलका, लवचीक प्लास्टिकचा फोम) एक आडवी पट्टी बसवावी, म्हणजे डोळ्यांचा कप्पा आणि तोंडाचा कप्पा वेगळे होतात. आधी जाड कागदाचा नमुना कापून तो चेहऱ्याला लावून पाहावा, नाकाजवळची खाच थोडीथोडी वाढवत न्यावी आणि मगच फोम कापावा. 5 किंवा 6 मिलिमीटर जाडीचा फोम वाकतोही आणि आकारही धरून ठेवतो. चेहऱ्याला टेकणाऱ्या कडेवर मऊ स्पंजची पट्टी चिकटवावी. ही पट्टी जितकी चपखल बसेल तितके पुढचे काम हलके होते, म्हणून इथे वेळ घालवण्यात कंजुषी करू नये. पट्टी बसवणे शक्य नसेल तर नाकावर तार असलेला मास्क आत घालावा आणि त्याची वरची कड मायक्रोपोर या कागदी वैद्यकीय टेपने गालांवर बंद करावी. कोणत्याही परिस्थितीत हनुवटीखालची जागा मोकळी राहिली पाहिजे. तोंड आणि नाक सर्व बाजूंनी बंद करणारी रचना वाफेपेक्षा श्वासासाठी अधिक धोकादायक असते.

उबदार हवा वर चढते, आणि हेल्मेटचा माथा बंद असेल तर ती नेमकी डोळ्यांच्या पातळीवर साठून राहते. त्यामुळे माथ्याच्या मागच्या बाजूला, कानांवरच्या गोल चकत्यांखाली किंवा नक्षीच्या खाचांमध्ये भोके पाडावीत आणि आतून काळे जाळीचे कापड लावावे. दोन हातांवरून ती दिसतही नाहीत. भोके पाडण्याचे काम रंगकामाआधी उरकणे शहाणपणाचे, कारण नंतर ड्रिलच्या कंपनाने रंगाचे पापुद्रे निघतात.

त्यानंतर पंखा. संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात 40 मिलिमीटरचे चौकोनी पंखे मिळतात. त्यांपैकी 5 व्होल्टचा घ्यावा, म्हणजे तो पॉवर बँकेवर थेट चालतो. 12 व्होल्टचा पंखा 5 व्होल्टवर रडतखडत फिरतो किंवा सुरूच होत नाही. अनेक पंख्यांच्या कडेवर हवेची दिशा दाखवणारा बाण कोरलेला असतो. तो नसेल तर ज्या बाजूला मोटार धरून ठेवणारे आडवे दांडे आणि स्टिकर दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते असे सहसा समजावे. एक पंखा कपाळाच्या वर, बाहेरची हवा आत घेऊन काचेच्या आतल्या पृष्ठभागावरून खाली सोडेल असा बसवावा. दुसरा हनुवटीजवळ, तोंडासमोरची हवा बाहेर फेकणारा असावा. जागा कमी असेल तर थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात तो 5015 आकाराचा (50 मिलिमीटर चौरस, 15 मिलिमीटर जाड) ब्लोअर उत्तम, कारण तो अरुंद तोंडातून पातळ झोत सोडतो आणि तो झोत काचेला समांतर वळवता येतो. झोत थेट डोळ्यांवर येऊ देऊ नये. अर्ध्या तासात डोळे कोरडे पडून चुरचुरू लागतात.

पॉवर बँक डोक्यात बसवू नये. वजन आणि उष्णता दोन्ही तिथे नकोत. वायर मानेमागून खाली घेऊन बँक कमरेच्या पाऊचमध्ये ठेवावी आणि मध्ये सहज सुटणारा कनेक्टर लावावा, म्हणजे हेल्मेट घाईने काढताना वायर तुटत नाही. अनेक पॉवर बँका फार कमी विद्युतप्रवाह लागणारे उपकरण जोडल्यावर काही वेळाने आपोआप बंद होतात. एकच छोटा पंखा असेल तर हे हमखास घडू शकते, म्हणून घरीच अर्धा तास सलग चालवून पाहावे. दोन पंखे समांतर जोडल्यास बहुधा अडचण येत नाही.

पंखे कायमचे चिकटवण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. हेल्मेट डोक्यावर न घालता स्टँडवर किंवा डब्यावर ठेवावे, पंखे सुरू करावेत आणि पेटती उदबत्ती हनुवटीच्या उघड्या भागापासून वीतभर खाली धरावी. धुराची रेघ काचेकडे वळत असेल तर पंख्याची जागा चुकलेली आहे. ती पुढे किंवा मागे सरळ निघून जात असेल तर बरोबर आहे. उदबत्तीचे टोक फोमला लागू नये याची काळजी घ्यावी, कारण ईव्हीए फोम चटकन वितळतो. मग पंखे बंद करून वातानुकूलित खोलीत आत तोंडाच्या जागी गरम पाण्याने भरलेले फुलपात्र ठेवावे आणि काचेच्या कोणत्या कोपऱ्यापासून वाफ धरायला सुरुवात होते ते पाहावे. बहुधा ती नाकाच्या दोन्ही अंगांना, खालच्या कडेवर सुरू होते. कपाळावरच्या पंख्याचा झोत त्या जागेपर्यंत पोहोचला पाहिजे.

एवढे करूनही काच धुरकट होत असेल तर काचेचे तापमान वाढवण्याचा मार्ग उरतो, आणि त्यासाठी दुहेरी काच वापरावी. मोटरसायकलच्या हेल्मेटसाठी मिळणारे पिनलॉक याच तत्त्वावर चालते: दोन थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता रोखते आणि आतला थर चेहऱ्याच्या उबेने गरम राहतो. घरी करायचे झाल्यास अर्धा मिलिमीटर जाडीची पारदर्शक पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) शीट मूळ काचेच्या आत, कडेने सलग फोमटेप लावून, साधारण 2 मिलिमीटर अंतरावर बसवावी. टेपमध्ये कुठेही फट राहू नये, आणि हे काम एसी लावलेल्या खोलीतच करावे. पावसाळी हवेत केले तर दमटपणा आतच कोंडला जातो व पुढे तो पुसताही येत नाही. गडद काचेला दुहेरी थर लावल्यास प्रतिबिंबे वाढतात, त्यामुळे रात्रीच्या कार्यक्रमासाठी मी हा उपाय सुचवणार नाही.

आता स्प्रे. साबणयुक्त पदार्थ पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, त्यामुळे थेंबांऐवजी पाण्याचा पातळ पारदर्शक पडदा तयार होतो. भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने पसरून मायक्रोफायबर कापडाने काच स्वच्छ दिसेपर्यंत पुसला तरी तेच साधते. डोळ्यांत घाम उतरण्याची शक्यता असेल तर लहान बाळांचा शाम्पू वापरावा, तो कमी झोंबतो. टूथपेस्टने मात्र काचेवर ओरखडे पडतात. अ‍ॅक्रिलिकच्या काचेवर अल्कोहोल किंवा अमोनिया असलेले क्लीनर मारल्यास बारीक तडे जाऊ शकतात, आणि पॉलिकार्बोनेटवर थिनर अथवा अ‍ॅसिटोन कधीही लावू नये. काच कोणत्या पदार्थाची आहे हे ठाऊक नसेल तर कापून उरलेल्या तुकड्यावर आधी प्रयोग करावा. नवी काच घ्यायचीच असेल तर मुळात वाफरोधक थर असलेला सुरक्षा चष्मा शोधून त्याची काच कापून वापरता येते. युरोपीय मानक ईएन 166 नुसार अशा काचेवर ‘एन’ हे अक्षर छापलेले असते. असा थर ओला असताना घासला की निघून जातो, म्हणून तो वाळल्यावरच हलक्या हाताने टिपावा.

चष्मा लावणाऱ्यांना दोन काचा सांभाळाव्या लागतात, आणि अशा वेळी कॉन्टॅक्ट लेन्सची सवय असेल तर त्या वापरणे सर्वांत सोपे. नसेल तर कपाळावरच्या पंख्याचा झोत चष्मा आणि हेल्मेटची काच यांच्या मधून जाईल असा वळवावा. जिथे वेशभूषेला चालत असेल तिथे काच काढून तिच्या जागी रंगवलेली बारीक धातूची जाळी बसवावी. तिच्यावर वाफ धरण्याचा प्रश्नच येत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी कपाळाला घामपट्टी बांधावी आणि पंखे सुरू करूनच हेल्मेट चढवावे. पावसाळ्यात थंड सभागृहातून एकदम बाहेर पडल्यास वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते. ती आतून पुसत बसण्यात अर्थ नाही, दाराशी थोडे थांबले की काच गरम होऊन ती आपोआप जाते. जिने उतरताना हात धरणारा एक सोबती असावा, आणि गरगरल्यासारखे वाटले तर छायाचित्रे बाजूला ठेवून हेल्मेट लगेच काढावे. असे हेल्मेट घालून घोडबंदर रस्त्यावरून दुचाकीने कार्यक्रमाला जाण्याचा मोह होतो, परंतु त्याला दुचाकीच्या हेल्मेटसाठीच्या भारतीय आयएस 4151 मानकाचे प्रमाणपत्र नसते व ते डोक्याचे रक्षण करत नाही.

घरी परतल्यावर फोमच्या पट्ट्या आणि घामपट्टी सोडवून पंख्याखाली रात्रभर वाळवाव्यात. आपल्या हवेत ओला फोम डब्यात बंद केला तर दोन दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो. हेल्मेट पूर्ण कोरडे झाल्यावर काचेवर मऊ कापड ठेवून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावे, आणि काचेवरचा साबणाचा थर पुढच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नव्याने लावावा.