सुगीच्या दिवसांत भावाची वही

धान्य खळ्यावर आलं की भाव उतरतो आणि घरोघरच्या कणग्या रिकाम्या होऊ लागल्या की चढतो, हे कोणाला सांगावं लागत नाही. नेमका किती, ते मात्र फार थोड्यांनी लिहून ठेवलेलं असतं. यंदा काढणी सुरू झाल्यापासूनच भाव टिपायची वही ठेवा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी गावातला आणि जवळच्या शहरातला भाव टिपा. बाजार भरतानाचा भाव आणि उठतानाचा भाव वेगळा असतो. तिघा व्यापाऱ्यांना विचारून मधला आकडा धरा. सरासरी नको, एकाने वाटेल तो भाव फेकला की ती बिघडते. मापाने विक्री होत असेल तर एकदा ते माप भरून वजन करून बघा. शीग लावलेलं आणि सपाट माप यांत बराच फरक पडतो. शहरातला आकडा घाऊक की किरकोळ, हेही विचारा.

ओलाव्याची नोंद हवीच. 20 टक्के ओलाव्याचं 100 किलो धान्य 14 टक्क्यांपर्यंत वाळवलं की सुमारे 93 किलो भरतं. म्हणजे वाळल्या मालाला साडेसात टक्के जास्त भाव मिळाला तर नुसती बरोबरी होते, वाळवणीची मजुरी निराळीच. अर्थात साठवायचं असेल तर वाळवण्याला पर्याय नाही.

आता शहरातल्या भावातून गाडीभाडं, हमाली, अडत आणि वाटेतली घट वजा करा. उरलेला आकडा गावच्या भावाहून वर असेल तरच गाडी भरा. भाडं तेच असून फरक वाढत चालला असेल, तर गावात घेणारे कमी झालेत का ते बघा. अशा वेळी चौघांनी मिळून गाडी केलेली परवडते.

बातम्यांत एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा, अन्नदर निर्देशांक येतो. तो 2014-16 ची सरासरी 100 धरून काढलेला, तृणधान्यांबरोबर खाद्यतेल, दुग्धजन्य पदार्थ, मांस आणि साखर यांच्या जागतिक भावांचा आहे. त्यावर आपली पोती विकू नयेत.

भावाची तुलना मागच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करा. त्यामुळे पहिल्या वर्षी वही फारशी बोलणार नाही.

माल थांबवायचा असेल तर कर्जाचं व्याज आणि किडीची घट आधी मांडा: पाच टक्के घट झाली तर भाव सव्वापाच टक्क्यांहून जास्त चढल्याशिवाय ती भरून येत नाही. घरच्या खाण्याचं आणि बियाण्याचं धान्य मात्र या हिशेबात धरू नका, ते पहिल्याच दिवशी बाजूला काढा. नाहीतर सुगीत विकलेलं तेच धान्य पुढे चढ्या भावाने विकत घ्यावं लागतं.