सोलापूरच्या उन्हात घरची झाडं कशी जगवायची: पाणी कधी, किती आणि कसं घालायचं

आपल्याकडे बऱ्याच घरांत झाडांना पाणी कधी मिळतं, तर नळाला पाणी येतं त्या दिवशी. चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं, टाकी भरून वाहायला लागली की पाइप लावायचा आणि कुंड्या, गेटजवळचा कढीपत्ता, मागचं लिंबू सगळ्यांना एकदमच धो धो पाणी, मग पुढच्या पाळीपर्यंत थेंब नाही. उन्हाळ्यात कुंडीतलं झाड तेवढे दिवस थांबू शकत नाही आणि पावसाळ्यात जमिनीतल्या झाडाला तेवढं पाणी नकोच असतं. म्हणून पाळी नळावर नाही, मातीवर ठरवायची. नळाच्या दिवशी झाडांसाठी एक वेगळा ड्रम भरून झाकून ठेवायचा आणि लागेल तसं त्यातून घालायचं.

आधी आपली माती ओळखा

एकाच कॉलनीत दोन घरांची माती वेगळी असते. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडच्या प्लॉटवर कुठं खोल काळी माती आहे, कुठं हातभर खाली मुरूम, आणि नव्या घरांच्या अंगणात तर बांधकामाचा राडारोडाच भरलेला असतो. फूटभर खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओता. थोड्या वेळात जिरलं तर मुरूम, तासन् तास साचून राहिलं तर काळी माती. मुरमाला थोडं थोडं पण लवकर लवकर पाणी लागतं, काळ्या मातीला एकदाच भरपूर आणि मग मोठी सुट्टी. सिमेंट-चुन्याचा राडारोडा निघाला तर तेवढी जागा खणून माती बदलाच, त्यात कितीही पाणी घाला झाड धरत नाही.

पाणी हवंय का, हे रोज बघायची पद्धत

घरातला लांब स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खोडापासून हातभर लांब मातीत दाबा. ओल असेल तिथपर्यंत तो सहज जातो, कोरडं लागलं की अडतो. चार-पाच इंच सरळ गेला आणि बाहेर काढल्यावर पात्याला काळी माती चिकटून आली तर आज पाणी नको. कुंडीसाठी बोट पुरतं, दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तर पाणी.

आणि दुपारी दोन वाजता जास्वंदीची पानं माना टाकलेली दिसली की लगेच पाइप घेऊन धावू नका, ४२ अंशात ती ओल्या मातीतही माना टाकते कारण पानातून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं ओढू शकत नाहीत. संध्याकाळी परत बघा, सकाळी बघा. सकाळीही मलूल असेल तर मात्र तहानलेली आहे, तेव्हा उशीर करू नका. पण माती ओली आणि पानं मलूल असं असेल तर मुळं कुजायला लागली असतील, तिथं पाणी थांबवायचं.

आळं खोडाला चिकटून नको

खोडाशी वीतभर खड्डा करून त्यात पाणी ओततात, ही पद्धत सोडाच. पाणी ओढणारी बारीक मुळं खोडापाशी नसतात, भर दुपारी झाडाची सावली जिथं संपते त्या कडेला असतात. आळं तिथं करा, आणि खोडाभोवती मातीची छोटी भर द्या म्हणजे खोड कोरडं राहील.

काळ्या मातीची एक वेगळीच गंमत आहे. मार्चपासून तिला भेगा पडतात, बोट जाईल एवढ्या, आणि तुम्ही पाइप सोडला की पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं, वरची मुळं कोरडीच. ज्वारीत भेगा बुजवायला आपले शेतकरी कोळपणी करतात, तेच काम घरी खुरप्यानं करायचं, वरची दोन इंच माती हलकी करून भेगांत ढकलायची. मग थोडं पाणी शिंपडून अर्धा तास थांबायचं, माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर सावकाश भरपूर पाणी. लिंबू, पेरू, सोनचाफा अशा दोन-तीन वर्षांच्या झाडाला उन्हाळ्यात एका वेळी दोन-तीन बादल्या लागतात, काळ्या मातीत साधारण पाच-सहा दिवसांनी, मुरमात निम्मं पाणी पण दोन-तीन दिवसांनी. हा फक्त अंदाज, शेवटचं उत्तर स्क्रूड्रायव्हर देईल.

गावाला जाणार असाल तर भाजलेल्या मातीचा साधा माठ झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, तोंडावर झाकण, पाणी झिरपत राहतं. माठ आतून-बाहेरून रंग न दिलेला हवा.

माती उघडी ठेवू नका

हे काम फेब्रुवारी संपायच्या आत करा. आळ्यात दोन-तीन इंच आच्छादन, फक्त खोडापासून चार बोटं जागा सोडायची नाहीतर बुंधा कुजतो. उसाचं पाचट, वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या काहीही चालतं. शेंगाची चटणी करणाऱ्या गावात शेंगांच्या फोलपटांना काय तोटा, फक्त खाऱ्या शेंगांची नकोत. पाचटाला वाळवी येते तेव्हा ते घराच्या भिंतीला टेकवू नका.

मार्च ते मे

पाणी पहाटे, नाहीतर सूर्य मावळल्यावर. पाइप उन्हात पडलेला असेल तर आधीचं उकळतं पाणी बाहेर सोडून द्या मगच झाडाला लावा. गच्चीवरच्या कुंड्यांना रोज पाणी लागतंच, कधी दोनदाही, आणि तापलेल्या स्लॅबवर कुंडी थेट ठेवली तर मुळं भाजतात म्हणून खाली दोन विटा ठेवा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठ्या कडेला, छोट्या मध्ये. वर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट बांधा, विशेषतः पश्चिमेकडून.

या तीन महिन्यांत छाटणी नको, कुंडी बदलणं नको, रासायनिक खत तर अजिबात नको. बोगनवेल, कण्हेर, देवचाफा यांना मात्र फार लाडावू नका, बोगनवेलीला थोडा ताण बसला की ती जास्त फुलते, रोज पाणी दिलं तर नुसती पानं. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण याच दिवसांत येतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन टाका, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

बोअरच्या पाण्याचं काय

कुंडीच्या काठावर पांढरी रेघ, मातीवर पांढरी पापडी, पानांच्या कडा जळलेल्या, ही क्षारांची खूण. रोज थोडं थोडं बोअरचं पाणी घातलं की पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच साचतात. त्यामुळे कुंडीला पाणी घालाल तेव्हा खालच्या भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत घाला, आणि महिन्यातून एकदा नळाचं पाणी तिप्पट घालून माती धुवा. एसीचं पाणी कुंड्यांना चांगलं. आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

मोगऱ्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती बहुतेक लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) आणून पाकिटावरच्या प्रमाणात द्या आणि शेणखत वाढवा, नुसतं पाणी वाढवून ते पिवळेपण जात नाही.

जून ते ऑक्टोबर

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून लगेच रोपं आणू नका, दोन-तीन चांगले पाऊस होऊन फूटभर ओल गेली की लावा. आपण पर्जन्यछायेत, जुलै-ऑगस्टमध्ये नुसतं ढगाळ वातावरण आणि पाऊस गायब असं पंधरा-पंधरा दिवस होतं, तेव्हा नव्या रोपांना पाणी घालायला विसरतात आणि रोपं तिथंच जातात. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात. त्याआधी आळ्याला एका बाजूनं वाट फोडून ठेवा म्हणजे काळ्या मातीत पाणी तुंबणार नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या काढा. गच्चीच्या पायपाखाली ड्रम लावून पावसाचं पाणी धरा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी

पाणी निम्म्यावर आणा, सकाळी ऊन आल्यावर घाला. डाळिंबवाले बहार धरायला, म्हणजे एकदम फुलं यावीत म्हणून, झाडाचं पाणी तोडून ताण देतात ना, तसंच चार-पाच वर्षांच्या लिंबाला डिसेंबरात पाणी तोडा, पानं थोडी मलूल झाली की शेणखत घालून आधी हलकं आणि मग नेहमीचं पाणी सुरू करा. मोगऱ्याचंही तेच, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा (सिद्धेश्वरांची यात्रा) झाली की पाणी कमी करायचं, जानेवारी संपताना छाटायचा, राहिलेली पानं ओरबाडायची, खत घालून पाणी द्यायचं, मार्चमध्ये कळ्या येतात. कुंडी बदलायची असेल ती फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्या, नंतर ऊन तापतं आणि मुळांना सावरायला वेळ मिळत नाही.