क्रॉसलिंकिंगला हात घालण्याआधी

दोन प्रथिनं एकमेकांना नेमकी कुठे धरतात हे मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मशीनवर, बघायचं, तर आधी त्यांना रसायनाने जागच्या जागी टाचून घ्यावं लागतं; हेच क्रॉसलिंकिंग. ते टाचणंच गेल्या जुलैत माझं फसलं. तीन आठवडे खपून शुद्ध केलेलं प्रथिन गेलं, मशीनचा स्लॉटही गेला.

हातमोजे, नव्या ट्यूब, बर्फ हे सांगायला नको. केस मात्र घट्ट बांधा, केसातलं केराटिन हे प्रथिन सगळीकडे शिरतं.

आता बफर, म्हणजे पीएच स्थिर राखणारं द्रावण. प्रथिन ट्रिस नावाच्या बफरमध्ये असेल तर तिथेच थांबा. क्रॉसलिंकर, म्हणजे बीएसथ्री किंवा डीएसएससारखं टाचणारं रसायन, प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या प्रायमरी अमाइनला पकडतं, आणि ट्रिसकडेही तेच अमाइन आहे. 50 मिलिमोलर ट्रिस, 10 मायक्रोमोलर प्रथिन, म्हणजे प्रथिनाच्या एका रेणूमागे ट्रिसचे 5,000. क्रॉसलिंकर प्रथिनापर्यंत पोचणार कसा? प्रथिनं जोडली गेली की जड होतात आणि जेलवर त्यांचा पट्टा (बँड) वर दिसतो; माझा बँड जराही वर सरकला नाही आणि मी दोन दिवस क्रॉसलिंकरच वाढवत बसले. ट्रिस काढा. त्याऐवजी 20 मिलिमोलर हेपेस हे बफर घ्या, पीएच 7.8 च्या आसपास. प्रथिन पडद्याच्या पिशवीत ठेवून डायलिसिस करा, बाहेरचं बफर निदान दोनदा बदला. ग्लायसिन आणि अमोनियम बायकार्बोनेटही नको. प्रथिन दुसऱ्या कुणी दिलं असेल तर पहिला प्रश्न हाच: ट्रिस आहे का? ट्यूबवर नुसतं ‘बफर ए’ लिहिलंय? मग ट्रिस आहे असंच धरा.

क्रॉसलिंकरची बाटली फ्रीझरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत थंड बाटलीला लगेच पाणी सुटतं, आणि ओल लागली की ते रसायन कामातून जातं. द्रावण ऐनवेळी करा, उरलेलं फेका. डीएसएस विरघळवायचं ते कोरड्या डीएमएसओ या द्रावकात.

सगळं प्रथिन एकदम पणाला लावू नका. थोड्यावर क्रॉसलिंकरची तीन-चार प्रमाणं, सोबत क्रॉसलिंकर न घातलेली एक ट्यूब, अर्धा तास, मग जेल. बँड वर दिसला तरच पुढे जा. क्रिया थांबवायला ट्रिस लागतं, पण ते शेवटी. तोवर ती बाटली टेबलावर आणूच नका. आणि हो, प्रथिनातलं ट्रिस खरंच गेलंय ना? एकदा वही बघा.

पुढचं नेहमीचं: प्रथिन उलगडायला युरिया, डीटीटी, अंधारात आयोडोअ‍ॅसिटामाइड, युरिया पातळ करून रात्रभर 37 अंशांवर प्रथिन कापणारं ट्रिप्सिन, मग तुकडे (पेप्टाइड) स्वच्छ करायला सी18. ट्रायटॉन हे डिटर्जंट कुठेही नको. पेप्टाइड वाळवूनच पनवेल लोकलने खारघरला, मशीनकडे न्या, बर्फावर. मशीनवर 3+ आणि वरचे चार्ज निवडायला सांगा. पेप्टाइड ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सर्चमध्ये क्रॉसलिंकरमुळे वाढणारं वस्तुमान, 138.068 डाल्टन, भरा आणि ट्रिप्सिनचे दोन-तीन काप चुकलेले चालतील असं ठेवा, कारण जोडलेल्या लायसिनपाशी ते कापत नाही. प्रथिनाची त्रिमितीय रचना हाताशी असेल तर जोडलेल्या दोन लायसिनच्या अल्फा-कार्बनमधलं अंतर साधारण 30 अँगस्ट्रॉमच्या आत येतंय का बघा.