मुलांचा रागाचा उद्रेक: घरच्या घरी काय करावे

सहा-सात वर्षांचे मूल रोज संध्याकाळी घर डोक्यावर घेऊ लागले, हातातली वस्तू फेकू लागले, धाकट्या भावंडावर हात टाकू लागले, की घरात दोन निदाने तयार असतात: 'हट्टीच आहे' आणि 'लाडांनी बिघडला'. दोन्हींचा उपयोग शून्य आहे, कारण उद्या संध्याकाळी काय करायचे हे त्यांतून कळत नाही. आलेला राग, भीती किंवा निराशा सोसून, तिच्या आहारी न जाता वागण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात भावनांचे नियमन म्हणतात. ही क्षमता काही अंशी स्वभावातून येते, पण बऱ्याच अंशी शिकवता येते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा संशोधकांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. पहिल्या दहा वर्षांतील आत्मनियंत्रणाचा संबंध बत्तिसाव्या वर्षीच्या आरोग्याशी, आर्थिक स्थितीशी आणि गुन्हेगारीशी आढळतो, असे त्यांनी 2011 मध्ये मांडले. हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही; वाढत्या वयात ज्यांचे आत्मनियंत्रण सुधारले, त्यांची पुढची वाटचालही अपेक्षेपेक्षा बरी झाल्याचे याच अभ्यासात दिसले.

पुढील पद्धत साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. किशोरवयीनांसाठी तिच्यात थोडा बदल करावा लागतो, तो नंतर पाहू.

पहिले एक-दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद ठेवावी. प्रत्येक उद्रेकाच्या आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर मोठ्यांनी काय केले, एवढ्या तीनच गोष्टी वेळेसह लिहाव्यात. 'उद्धटपणा केला' ही नोंद निरुपयोगी आहे. व्हिडिओत दिसेल तेवढेच लिहावे. उदाहरणार्थ: 'मंगळवार, संध्याकाळी साडेसात. आधी: ताट वाढले, मोबाइल ठेव म्हटले. काय केले: ताट ढकलले, ओरडला, सहा मिनिटे. नंतर: आजी म्हणाली, जेवू दे गं त्याला शांतपणे, म्हणून मोबाइल परत दिला.' अशा दहा-बारा नोंदी एकाखाली एक आल्या की बहुतेक घरांत एक ठरावीक वेळ, एक ठरावीक प्रसंग आणि मोठ्यांचे एक ठरावीक वागणे उघडे पडते.

यांतील तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा असून वाचायला सर्वांत जड जाणाराही तोच असतो. अमेरिकेतील ओरेगन येथे जेरल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आक्रमक मुलांच्या घरी जाऊन कुटुंबीयांच्या वागण्याचे तपशीलवार निरीक्षण केले आणि 1980च्या दशकात या रकान्याचा अर्थ स्पष्ट केला. आई काही सांगते, मूल आरडाओरडा करते, आई माघार घेते आणि घर शांत होते. ओरडले की मागणी सुटते हे मूल शिकते, आणि माघार घेतली की शांतता मिळते हे आई शिकते, म्हणजे दोघांनाही बक्षीस मिळते आणि दोघेही उद्या तेच करतात. एखाद्या दिवशी आई मुलापेक्षा मोठ्याने ओरडते आणि मूल ऐकते. त्या दिवशी आईच्या ओरडण्याला बक्षीस मिळते, इतकाच फरक. या फेऱ्यात कोणी वाईट नसते, हे आजीलाही नीट समजावून सांगावे, कारण घरातल्या एका माणसाने नियम पाळला आणि दुसऱ्याने मोडला, तर मूल नेमक्या त्या दुसऱ्या माणसासमोर ओरडायला शिकते.

फेरा तोडण्याची सर्वांत सोपी जागा उद्रेकाच्या बरीच आधी असते. भावना ज्या क्रमाने घडत जाते त्याच्या प्रत्येक टप्प्यावर तिला वळण देता येते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी 1998 मध्ये केली: प्रसंग निवडता येतो, त्यात बदल करता येतो, लक्ष दुसरीकडे वळवता येते, घटनेकडे वेगळ्या नजरेने पाहता येते आणि अगदी शेवटी उसळलेली प्रतिक्रिया दाबता येते. आपण मात्र लहान मुलाकडून नेमकी ती शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट मागत असतो. वर दिलेल्या नोंदीतल्या घरात मोबाइल ताट वाढण्याच्या वेळी काढून घेण्याऐवजी सातलाच परत घ्यावा, दहा मिनिटे आधी सूचना द्यावी, खेळाचा डाव किंवा व्हिडिओ संपण्याची वेळ गाठावी आणि लगेच हाताला काही काम द्यावे, पाने घ्यायला लावावीत. सूचना एकच, छोटी आणि जवळ जाऊन द्यावी. स्वयंपाकघरातून चार वेळा ओरडून दिलेली सूचना ही पाचव्यांदा ऐकायची असते, असे मूल गृहीत धरते, आणि त्याचे बरोबरच असते.

तरीही उद्रेक झालाच, तर बोलणे कमी करावे. मायकेल पोटेगल आणि सहकाऱ्यांनी दीड ते पाच वर्षांच्या 335 मुलांच्या उद्रेकांची पालकांनी केलेली वर्णने तपासली, तेव्हा 75 टक्के उद्रेक पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपलेले आढळले. राग सुरुवातीलाच शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो. रडणे आणि जवळ घेतले जाण्याची ओढ मात्र हळूहळू वाढत जाते. त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत केलेला उपदेश, प्रश्न आणि धमक्या सर्व वाया जातात. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही एवढे पाहावे, जवळच राहावे, 'तुला राग आलाय, मोबाइल आज मिळणार नाही' एवढे एकदाच सांगावे आणि थांबावे. रडणे सुरू झाले की मुलाला जवळ घेण्यात काही गैर नाही. त्याने हट्ट पुरवला जात नाही, हट्टाची वस्तू दिली तरच तो पुरवला जातो.

येथे एक इशारा द्यायला हवा. आजवर ओरडल्यावर मिळणारी गोष्ट मिळेनाशी झाली, की ओरडणे आधी वाढते आणि मग कमी होते. बहुतेक घरे या वाढीच्या काळात हरतात आणि 'याने काही होत नाही' असे म्हणून सोडून देतात, त्यामुळे अधिक मोठ्याने ओरडण्याला बक्षीस मिळून बसते. म्हणून एकाच वेळी एकच नियम निवडावा, आणि तोही आपल्याला पाहुण्यांसमोर, प्रवासात, दमलेल्या संध्याकाळीही पाळता येईल असा.

उशी बदडून राग काढू द्यावा, हा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो; तो मानू नये. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 154 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या विश्लेषणात शरीराची उत्तेजना वाढवणाऱ्या कृतींनी एकंदरीत राग कमी होत नसल्याचे, तर श्वास मंद करणे, स्नायू सैल सोडणे अशा उत्तेजना उतरवणाऱ्या कृतींनी तो कमी होत असल्याचे दिसले. दीर्घ श्वास मात्र मूल शांत असताना, खेळ म्हणून शिकवावा. धपाट्याबद्दलही हेच: एलिझाबेथ गर्शोफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये 75 अभ्यासांतील 1,60,927 मुलांची माहिती तपासली आणि मारण्याचा संबंध अधिक आक्रमकता व अन्य वर्तनसमस्यांशी आढळला. धपाट्याने मूल त्या क्षणी गप्प बसते, आणि तेवढ्या शांततेच्या बक्षिसावर ही सवय मोठ्यांच्या अंगवळणी पडते.

उरलेले काम शांत वेळेचे आहे आणि तेच सर्वाधिक टाळले जाते. मुलाने मोबाइल कुरकुरत का होईना, पण दिला, तर तेव्हाच, नेमके काय आवडले ते सांगून कौतुक करावे: 'सांगितल्याबरोबर दिलास, आवडलं मला.' त्याला 'पण रोज असं वागशील तर...' हे शेपूट जोडू नये.

किशोरवयात सूचनांपेक्षा वाटाघाटी उपयोगी पडतात. चौदा वर्षांच्या मुलीला चारचौघांत टोकणे टाळावे, नियम ठरवताना तिचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे आणि भांडण तापले की 'अर्ध्या तासाने बोलू' असे सांगून खरोखरच अर्ध्या तासाने बोलावे. दीर्घकाळ टिकणारी चिडचिड पुढे नैराश्य आणि चिंतेकडे जाऊ शकते, असे संशोधन सांगते. म्हणून झोप उडाली, मैत्री तुटली, शाळा नकोशी झाली, तर 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देऊ नये.

उद्रेक आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा, घरीही आणि शाळेतही, अनेक महिने होत असतील, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. स्वतःला इजा करण्याची किंवा मरणाची भाषा आली तर एक दिवसही थांबू नये. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. समुपदेशक निवडताना एक प्रश्न जरूर विचारावा: सत्रात पालकांना स्वतःच्या मुलासोबत प्रत्यक्ष सराव करायला लावतात का? पालक-प्रशिक्षणाच्या 77 मूल्यमापनांच्या 2008 मधील आढाव्यात ज्या कार्यक्रमांचा परिणाम अधिक दिसला, त्यांत असा सराव होता. मुलाला आत घेऊन पालकांना दर वेळी बाहेर बसवणारे सत्र लहान वयातील वर्तनसमस्यांसाठी बहुधा अपुरे पडते.