मांटू चाचणी: टोचणं सोपं, वाचणं अवघड

मांटू म्हणजे क्षयरोगाच्या (टीबीच्या) जंतूंशी संबंध आला का ते पाहणारी कातडीवरची चाचणी: आज टोचायचं, ४८ ते ७२ तासांनी वाचायचं. म्हणून गगनबावडा, शाहूवाडीहून एसटीनं कोल्हापूरला येणाऱ्याला आधी एक विचारा: ४८ ते ७२ तासांच्या आत परत येता येईल का? नसेल तर आज टोचू नका. सोमवारी टोचा, बुधवारी वाचा. शुक्रवार टाळा, वाचायची वेळ रविवारी सुरू होते.

ट्युबरक्युलिनची (टोचायच्या औषधाची) कुपी २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर ठेवा. ट्युबरक्युलिन सिरिंजमध्ये ०.१ मिली घ्या. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला, सुईचं तोंड वर ठेवून अगदी उथळ, कातडीतच टोचा. ६ ते १० मिमीचा फिकट फुगवटा यायलाच हवा. आला नाही म्हणजे औषध कातडीखाली गेलं. लगेच दुसऱ्या हातावर पुन्हा द्या. जागा चोळायची नाही, पट्टी लावायची नाही. अंघोळ चालते.

वाचताना सगळ्यात जास्त चूक होते ती लालीमुळे. लाली मोजायचीच नाही, मोजायची ती बोटांना लागणारी टणक गाठ! डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. दोन्ही बाजूंनी बॉलपेन हलकेच आत सरकवा. जिथे अडेल तिथे कडेची खूण. हाताच्या आडव्या दिशेनं अंतर मोजा आणि आकडा मिमीमध्येच लिहा, नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको. गाठ नसेल तर ०.

सहसा १० मिमी किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. एचआयव्ही असल्यास ५ पुरे. याचा अर्थ टीबीच्या जंतूंशी संबंध आला, आजार आहेच असं नाही. बीसीजीमुळेही (टीबीच्या लसीमुळे) गाठ येते. उलट कुपोषित मुलात, स्टेरॉइड चालू असताना किंवा नुकत्याच गोवरानंतर खोटं निगेटिव्ह येतं. म्हणून खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर आकडा काहीही असो, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला पाठवा.