इंदुरात मटार केव्हा पेरावा

थंड देशांतील बागकामाच्या पुस्तकांत मटार वसंताच्या सुरुवातीला, बर्फ वितळून जमीन खणण्याजोगी होताच पेरावा असे सांगितलेले असते, आणि ते वाचून इंदुरातील काही हौशी मंडळी वसंतपंचमीच्या सुमारास अंगणात बी टाकतात. रोपे उगवतात, हिरवीगार दिसतात, पण होळीनंतर फुले गळू लागतात आणि मूठभर चपट्या शेंगांपलीकडे हाती काही लागत नाही. सल्ला चुकीचा नसतो. ज्या हवेसाठी तो दिलेला असतो, ती हवा माळव्यात ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होते.

मटाराची वाढ साधारण १३ ते १८ अंश सेल्सियस तापमानात उत्तम होते. पारा ३० अंशांच्या आसपास राहू लागला की फुले गळतात, शेंगेत दाणे नीट भरत नाहीत आणि भरलेल्या दाण्यांची गोडी लवकर उतरते. इंदुरात मार्चमधील दुपारी याहून तापलेल्या असतात. म्हणून पेरणीची तारीख ठरवताना बी केव्हा उगवेल याचा विचार करण्याऐवजी फुले केव्हा येतील याचा हिशेब मांडावा. ती डिसेंबर आणि जानेवारीत यावीत, हे येथील मटाराचे खरे सूत्र आहे.

हा हिशेब वाणावर अवलंबून असतो. ‘अर्कल’ हा लवकर येणारा वाण सुमारे ५५ ते ६० दिवसांत पहिली तोडणी देतो, तर ‘बोनव्हिले’ला ८० ते ८५ दिवस लागतात. २५ ऑक्टोबरच्या सुमारास पेरलेल्या अर्कलच्या शेंगा संक्रांतीच्या आधी ताटात येतात. बोनव्हिले १५ नोव्हेंबरपर्यंत पेरून घ्यावा, म्हणजे त्याचे दाणे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरतात. घरच्या बागेसाठी सगळे बी एकाच दिवशी न पेरता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वाफे पेरणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. नोव्हेंबर संपल्यानंतर मात्र नवी पेरणी करू नये; त्या रोपांना शेंगा धरण्याच्या वेळी उन्हाचा चटका बसतो आणि उशिराच्या पिकावर भुरी रोगही (पानांवर पांढरी भुकटी दिसते तो) अधिक येतो.

घाईही तितकीच नडते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माती अजून तापलेली असते, परतीच्या पावसाचा ओलावाही असतो, आणि अशा जमिनीत मूळकूज, मर (रोपे सुकून जाणे) व खोडमाशी यांचा उपद्रव वाढतो. दसरा-दिवाळीच्या तिथी दरवर्षी मागेपुढे होतात, त्यामुळे सणांवर विसंबू नये. रात्रीचे तापमान आठवडाभर १८ अंशांच्या खाली राहिले, की पेरणीला हरकत नाही.

यानंतरचा निर्णय मातीने द्यायचा असतो. आपली काळी माती पाणी फार काळ धरून ठेवते आणि ओल्या चिखलात मटाराचे बी, विशेषतः सुरकुतलेल्या दाण्याचे गोड वाण, पटकन कुजतात. वाफ्यातील चार बोटे खोलीवरची माती मुठीत दाबून कमरेच्या उंचीवरून सोडावी. गोळा तसाच राहिला तर दोन-तीन दिवस थांबावे. तो फुटून भुसभुशीत झाला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगा ओलावा, आला असे समजून त्याच दिवशी पेरावे. पाणी साचणाऱ्या अंगणात गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफा, करणे आवश्यकच आहे. वाफ्यात कुजलेले कंपोस्ट मिसळावे, मात्र युरिया टाकू नये, कारण मटाराच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र रोपाला पुरवतात आणि जादा नत्राने पाला माजून फुले कमी येतात. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ याच शहरात, १९२४ साली स्थापन झालेल्या संस्थेत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी विकसित केली. तेव्हा इंदूरकरांनी तरी पालापाचोळा जाळू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

किराणा दुकानातील वाळलेले वाटाणे पेरू नयेत. ते बहुधा कडधान्याच्या वाणाचे असतात आणि त्यांच्या ओल्या दाण्याला मटाराची गोडी येत नाही. बियाण्याच्या दुकानातून आणलेले साधे बी रात्रभर पाण्यात भिजवावे. रंगीत, औषध लावलेले बी भिजवू नये आणि ते हाताळल्यावर हात धुवावेत. बी ३ ते ४ सेंटिमीटर खोल, दोन दाण्यांत ५ ते ८ सेंटिमीटर आणि दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, जागेवरच पेरावे, कारण मटाराला पुनर्लागवड मानवत नाही. कोंब वर येताच कबुतरे आणि खारी ते कुरतडतात, म्हणून पहिले दोन आठवडे वाफ्यावर जाळी असावी. रोपे वीतभर झाली की तुराट्या रोवाव्यात. बुटक्या अर्कललाही आधार मिळाल्यास शेंगा मातीला टेकत नाहीत.

पाणी बेताने द्यावे, पण फुले येताना आणि दाणे भरताना खंड पडू देऊ नये. मटाराच्या पानांना थंडी सोसते, फुलांना आणि कोवळ्या शेंगांना कडाक्याची थंडी सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडीच्या लाटेचा इशारा असेल, तर संध्याकाळी वाफ्याला हलके पाणी द्यावे.

फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवड्यांत शेंग तोडणीस येते. ती फुगीर, चकचकीत आणि हिरवी असतानाच दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहावे, म्हणजे नवी फुले येत राहतात. तोडणी संपल्यावर रोपे उपटू नयेत. ती जमिनीलगत कापून मुळे मातीतच ठेवावीत आणि त्या वाफ्यात उन्हाळी भेंडी किंवा गवार लावावी.